आमच्याकडे गणित बाई घेतात

इतर लोकांचं बरं असतं. ऑफिसात काही घडलं की घरी येऊन बायकोला सांगायची सोय असते. साहेबाची कशी जिरली, आपण कसं तोंडावर बोललो, सगळं चहाबरोबर तिखटमीठ लावून सांगता येतं. खरंखोटं तपासायला ती तिथे थोडीच असते!

माझी पंचाईत अशी, की माझी बायको माझ्याच शाळेत आहे. शाळा दोन शिक्षकी. एक मी, एक ती. त्यामुळे आमच्याकडे घडलेला प्रत्येक किस्सा तिला आधीच ठाऊक असतो, आणि बहुतेक किश्श्यांत तीच जिंकलेली असते. घरी सांगायची सोय नाही, म्हणून ते माझ्याकडे नुसते साठत जातात. आज तुम्ही सापडलात.

तर आधी ओळख. दाभोळच्या खाडीकाठची एक वाडी, तिथली जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा, पहिली ते पाचवी. मी प्रभारी मुख्याध्यापक. बी.एस्सी., तेही गणित घेऊन, तेही डिस्टिंक्शनमध्ये. एरवी हे मी दुसऱ्याच वाक्यात सांगतो, आज जरा उशीर झाला. माधवी, म्हणजे आमच्या बाई, बी.ए. मराठी. आता तुम्हीच सांगा, अशा शाळेत गणित कोणी शिकवायचं?

आमच्याकडे गणित बाई घेतात!

मी जळतो. स्पष्टच सांगतो, लाजायचं काय त्यात? कुणाच्या पोटात शेजाऱ्याची गाडी बघून दुखतं, कुणाच्या भावाचा मुंबईतला फ्लॅट बघून. माझ्या पोटात बायकोनं फळ्यावर भागाकार मांडला की दुखतं.

आणि हे नुसतं मानापानाचं नाही. आमची मुलगी स्वरा याच शाळेत शिकते. बेरीज-वजाबाकीपासून अपूर्णांकापर्यंत, प्राथमिक शाळा सोडताना पोराला जेवढं गणित यायला हवं तेवढं सगळं तिला मी शिकवायचं, हे मी ती पाळण्यात होती तेव्हाच ठरवून टाकलं होतं. पाचवी झाली की ती हायस्कूलला जाणार. तिथे तिला दुसरे सर असतील, क्लास असेल, मोबाईल असेल. बापाला विचारायचे दिवस हेच. आणि हेच दिवस बाईंनी पळवले.

*

कसे पळवले, ते ऐका.

आधी मी अलोऱ्याकडच्या शाळेत होतो, माधवी दापोलीकडे. संसार शनिवार-रविवारचा. पुढे पती-पत्नी एकत्रीकरणात दोघांना एकच शाळा मिळाली, त्या वर्षी स्वरा पहिलीत जाणार होती. मी पहिल्याच दिवशी वेळापत्रक केलं. सगळ्या वर्गांचं गणित मी. मराठी, इंग्रजी, परिसर बाई.

माधवी म्हणाली, "चालेल."

तिच्या 'चालेल'ला मी तेव्हाच घाबरायला हवं होतं.

थोडे दिवस गेले नाहीत तोच मला तालुक्याला प्रशिक्षणाला बोलावलं. विषय? प्राथमिक गणित आनंददायी कसं करावं! आठवडाभर मी रंगीत कागद कापले, पुठ्ठ्याचे घन केले, गाणी म्हटली, समोसे खाल्ले. तेवढे दिवस गणिताचा तास बाईंनी घेतला. शिकवायला नाही हं, नुसता सांभाळायला.

परत आलो तो आनंदानं नुसता फुगलेला. दोन्ही हातांत पुठ्ठ्याचे घन आणि शंकू घेऊन वर्गात शिरलो आणि म्हणालो, "चला, गणिताची पुस्तकं काढा!"

कुणी पुस्तक काढेना. चौथीतला मंथन उभा राहिला. अतिशय सालस पोरगा, कधी उलटून बोललेला नाही. म्हणाला, "सर, तुमचा ट्रेनिंग पुन्ना कधी हाय?"

*

त्या दिवसापासून गणित बाईंकडे गेलं ते गेलंच. त्याच वर्षीची आणखी एक गोष्ट. स्वरा पहिलीत. शाळेत रोज आईच समोर, त्यामुळे ती बिनधास्त हाक मारायची, "आई, पाणी! आई, हा बघ मला ढकलतो!"

चार दिवसांत सगळी पहिली माधवीला आई म्हणायला लागली. मग दुसरी. एका मुलाची खरी आई त्याला न्यायला आली, तर तो तिला म्हणतो, "थांब गो, आईला विचारून येतो!" ती माउली फाटकात हातात छत्री घेऊन बघतच राहिली.

शेवटी आम्ही नियम केला. शाळेच्या फाटकाच्या आत आई नाही आणि बाबा नाहीत, बाई आणि सर. स्वरानं तो नियम जो पाळला, तो इतका कडक, की एकदा पडून गुडघा फुटला तरी रडताना "बाईऽऽ" म्हणून रडली.

माधवीला तेव्हा फार वाईट वाटलं. मला मात्र वेगळंच लागून राहिलं. अख्खी शाळा तिला आई म्हणत होती. मला चुकूनसुद्धा कुणी बाबा म्हटलं नाही!

*

हातचा ही गोष्ट मी नोकरीभर घसा फोडून शिकवली. आठ आणि सात पंधरा, पाच खाली, हातचा एक. पोरं पाच खाली लिहितात आणि हातचा वाऱ्यावर सोडून देतात. अलोऱ्याला माझ्या ओरडण्यानं शेजारची अंगणवाडी जागी व्हायची, पण हातचा काही कुणाच्या लक्षात राहिला नाही.

बाईंनी काय केलं? प्रत्येकाला एक चिंचोका दिला. ज्या हातानं लिहीत नाही, त्या हाताच्या मुठीत धरायचा. हातचा आला की मूठ घट्ट. पुढच्या घरात मिळवला की मूठ उघडायची. बस्स, एवढंच. याला मी पोरखेळ म्हणालो. म्हणालो म्हणजे मनात. मोठ्यानं म्हणायची माझी काय टाप!

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत बघतो, तर सोहम डाव्या हातानं खिचडी खातोय. सोहम डावरा आहे, लिहितो डाव्या हातानं. पण जेवताना त्याच्या आजीनं त्याला उजव्याची सवय लावलेली. म्हटलं, "काय रे, आज जेवणही डाव्या हातानं? उजव्याला काय झालं?"

त्यानं उजवी मूठ वर करून दाखवली. घट्ट मिटलेली. बोटं पांढरी पडलेली.

"सर, उजव्यात हातचा हाय. घंटा झाली नि गणित अर्धाच ऱ्हायला. बाईंनी सांगितलान, मिळवल्याबिगर सोडायचा नाय!"

इतक्या वर्षांत माझं एक वाक्य तरी कुणी ताटापर्यंत नेलं असेल का? चिंचोक्याची जागा मला मिळाली असती तरी चाललं असतं.

*

आता म्हणाल, तुमचं काहीच चालत नाही की काय शाळेत? चालतं की! पाढे. पाढे माझ्याकडे आहेत.

जेवणाच्या सुट्टीआधी सगळी शाळा व्हरांड्यात बसवून मी पाढे म्हणवून घेतो. दोनपासून थेट वीसपर्यंत, ठेक्यात. त्या वेळी मी हातवारे करतो, माझा आवाज खाडीपलीकडे जातो, मला फार बरं वाटतं. पाढ्यांशिवाय गुणाकार नाही, गुणाकाराशिवाय भागाकार नाही, म्हणजे पाया माझाच, असं मी माधवीला वरचेवर सुनावतो.

एकदा मला तालुक्याला मीटिंगला जायचं होतं. गाडी गाठायची म्हणून बाराच्या पाढ्यापर्यंतच घेतलं आणि पोरांना सोडलं. बॅग उचलतोय तोच पोषण आहार शिजवणाऱ्या सविताकाकी स्वयंपाकाच्या खोलीतून डाव घेऊन धावत बाहेर आल्या.

"सर! सोळाचा कुटं गेला?"

मला भरूनच आलं. म्हटलं, चला, एका तरी माणसाचं माझ्या पाढ्यांकडे लक्ष आहे. "काकी, आज घाई आहे," मी म्हणालो, "पण तुम्ही रोज ऐकता, हे ऐकून फार बरं वाटलं."

"तर वो! सोळाचा झाला की मी गॅस बंद करतंय. आज पोरां आदीच ताटं घेऊन आली, वाटाना टनक ऱ्हायला ना माझा!"

*

एकदा चाचणीच्या उत्तरपत्रिका मी मागून घेतल्या. मुख्याध्यापक म्हणून मला तो अधिकार आहे. बाईंचं काहीतरी चुकलेलं सापडावं, एवढीच माफक अपेक्षा होती.

आणि सापडलं! गणित असं: सतरा बांगडे, तीन सारखे वाटे. एका वाट्यात किती, बाकी किती? तिसरीतल्या दुर्वानं लिहिलं होतं, वाट्यात पाच, बाकी नाही. आणि बाईंनी त्यावर पैकीच्या पैकी गुण दिले होते! मी लाल पेन घेतलं, भला मोठा काट मारला आणि विजयी मुद्रेनं उत्तरपत्रिका माधवीसमोर ठेवली.

ती म्हणाली, "तिला बोलावून विचारा."

दुर्वाची आई जेटीवर मासे विकायला बसते. ही पोरगी सुट्टीच्या दिवशी आईशेजारी बसून वाटे लावते. मी तिला विचारलं, "काय गो, सतरातले पंधरा गेले. मग बाकी किती?"

"बाकी नाय सर."

"अगं, दोन उरले ना?"

"उरले कुटं? ते आमच्या तव्याला!" दुर्वा म्हणाली. माझ्याकडे तिनं असं बघितलं, जणू सरांच्या घरी मासे शिजतच नाहीत.

माधवी म्हणाली, "दोन उरले हे तिला कळलं, ते कुठे गेले तेही कळलं. अजून काय हवंय तुम्हाला?" आणि माझ्या काटावर काट मारून गुण परत दिले.

गोष्ट वाडीभर झाली. दुसऱ्या दिवशी दुर्वाच्या आईनं पिशवीभर ताजे बांगडे घरी पाठवले. 'बाईंना द्या' असं बजावून. बांगडे बाईंच्या नावानं आले. खाल्ले मात्र मीच जास्त, आणि तेही रागानं.

*

एकदा विस्तार अधिकारी अचानक शाळेत आले. असे साहेब आले की सगळ्या शाळांमध्ये एकच गोष्ट होते, सगळ्यांत हुशार पोर त्या दिवशी मामाकडे गेलेलं असतं. आमचंही गेलं होतं.

साहेबांनी मोजमापावर प्रश्न विचारायचं ठरवलं. मंथनला उभं केलं. "बाळ, तुमच्या शाळेपासून जेटी किती लांब आहे? अंदाजे सांग."

मी मागून ओठ हलवून उत्तर सांगायचा प्रयत्न करत होतो. एक किलोमीटर, म्हण ना मेल्या!

मंथननं साहेबांनाच विचारलं, "भरतीला का सुकतीला?"

साहेबांना उलट प्रश्न! मी पुढे होऊन म्हणालो, "साहेब, लहान आहे, त्याला प्रश्न कळला नाही."

"अहो, थांबा!" साहेब म्हणाले. "का रे, असं का विचारलंस?"

"सुकतीला खाजनातनं सरळ जायला मिलतं. भरतीला पानी असतं, मग वरच्या रस्त्यानं वलसा. डबल पडतं."

साहेब खुर्चीतून उठलेच. "बघा! पोराला आधी कळलं की प्रश्नात माहिती कमी आहे! पाठ केलेलं उत्तर नाही दिलं त्यानं. आम्ही ट्रेनिंगमध्ये घसा फोडून हेच सांगतो. कोणी शिकवलं रे हे?"

आता खरं सांगायचं तर त्या खाजणातल्या वाटेवरून मंथन मुळात माझ्यामागून जायला शिकला होता. परिसर अभ्यासाच्या सहलीत मीच नेलं होतं सगळ्यांना. चिखलात चप्पल माझी रुतली होती. पण मंथन काय म्हणाला?

"बाईंनी!"

साहेबांनी बाईंचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं, आणि सगळ्या मुलांबरोबर दोघांचा फोटो काढायचं ठरलं. तो फोटो आमच्या व्हरांड्यात लावलाय. त्यात बाई आहेत, साहेब आहेत, सविताकाकीसुद्धा डाव घेऊन उभ्या आहेत. मी नाही. फोटो मी काढला.

*

गेल्या वर्षी मात्र माझी वेळ आली. आमच्या केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद, सगळ्या शाळांचे शिक्षक जमणार, आणि भाषणासाठी नाव माझं! विषय: 'पाचवी सुटताना मुलाला गणितातलं काय काय यायला हवं?'

मी रात्रंदिवस तयारी केली. मोठी संख्या वाचता यावी, तिच्यातल्या प्रत्येक अंकाची किंमत सांगता यावी. चारही क्रिया याव्यात, आणि कोणती कधी करायची तेही कळावं. अर्धा, पाव, पाऊण नुसतं म्हणता येऊन भागत नाही, मोडून दाखवता यावं. घड्याळ काट्यांचं वाचता यावं. लांबी, वजन, लिटर, कोन, आलेख, सगळं घेतलं. माधवीनं विचारलं, "मी एकदा वाचून बघू?" मी म्हटलं, "काही गरज नाही!"

इस्त्रीचा शर्ट घालून व्यासपीठावर बसलो. केंद्रप्रमुखांनी माईक हातात घेतला, माझ्याकडे हसून बघितलं आणि म्हणाले, "आता आपल्यासमोर बोलायला येत आहेत, आपल्या केंद्राची शान असलेल्या माधवी मॅडमचे मिस्टर!"

टाळ्या! मागच्या रांगेत कुणीतरी शिट्टीसुद्धा वाजवली. माधवी खाली मान घालून पदराशी चाळा करत बसली होती. हसत होती, मला हलणारे खांदे दिसत होते.

तरी मी बोललो. जीव तोडून बोललो. भाषण छान झालं हो, खरंच! खाली उतरलो तर लोट्याकडच्या शाळेतले एक जुने गुरुजी मुद्दाम भेटायला आले. माझा हात दाबून म्हणाले, "फार सुंदर. मॅडमनी फारच सुंदर लिहून दिलंय तुम्हाला."

*

मग हा जून उजाडला. स्वरा पाचवीत. इथलं शेवटचं वर्ष.

मी ठरवलं, आता नाही तर कधीच नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय मांडायचा. समितीचे अध्यक्ष तात्या गोरिवले. मुंबईत नोकरी करून निवृत्त झालेले, वाडीत शब्दाला वजन. बाकी सगळ्या आया, कारण बाप मंडळी मुंबईत नाहीतर लोट्याच्या एमआयडीसीत शिफ्टला.

मी घसा साफ करून म्हणालो, "या वर्षी पाचवीचं गणित मी घ्यावं म्हणतो."

दुर्वाच्या आईचा आवाज आला, घाबरलेला. "म्हंजी? बाईंची बदली झाली काय?"

"नाही हो! बाई इथेच आहेत. फक्त गणित मी घेणार."

तात्यांनी चष्मा काढून पुसला. "सर, तुमचा काय चुकला म्हनतोय का आमी? तुमी शिकलेले मानूस. पन सगला नीट चाललाय, तर कशाला उगाच हात लावायचा?"

मुख्याध्यापक मी! वेळापत्रक करायचा हक्क माझा! आणि मीच अर्ज करत उभा. मी काहीतरी वेडंवाकडं बोलणार, एवढ्यात माधवी उठली.

म्हणाली, "तात्या, पाचवीचं गणित सरांना द्या. स्वराचं इथलं हे शेवटचं वर्ष आहे. त्यांना तिला एकदा तरी शिकवायचंय."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. हे मी तिला कधीच बोललो नव्हतो. भांडताना नाही, चेष्टेत नाही, कधीच नाही. मी खिडकीकडे तोंड केलं.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तात्या म्हणाले, "तुमी सांगताव म्हनून बाई. पन समजा, बिघडला तर?"

माधवी शांतपणे म्हणाली, "बिघडलं तर घरी मी आहे ना!"

ठराव एकमतानं पास झाला. म्हणजे बघा, मला गणित मिळालं, पण तेही बाईंच्या जामिनावर!

*

आता हा शेवटचा किस्सा. हाही मी माधवीला सांगू शकत नाही, कारण तिनं तोही स्वयंपाकघरातून ऐकलाय.

पाचवीच्या गणिताचा माझा पहिला तास. आदल्या दिवशी मी आरशासमोर उभा राहून तो घेऊन बघितला होता. अपूर्णांकांची बेरीज. पाचवीत पोरं मोजकीच, पण माझ्या दृष्टीनं वर्गात एकच होतं. स्वरा पहिल्या बाकावर बसलेली, वेण्या घट्ट, पेन्सिलीला टोक केलेलं. हजेरीला "उपस्थित, सर" म्हणाली. मी खडू हातात घेतला. इतका खूश मी लग्नातसुद्धा नव्हतो.

फळ्यावर लिहिलं, एक छेद दोन अधिक एक छेद तीन. म्हटलं, "मुलांनो, छेद वेगळे आहेत. म्हणून सरळ बेरीज करायची नाही. आधी छेद सारखे करायचे." भाकरीची आकृती काढली, भाग पाडले. माझा आवाज छान लागला होता. स्वरा मान हलवत होती. तिला कळत होतं! माझ्यामुळे कळत होतं!

तेवढ्यात दुर्वानं हात वर केला. "सर, बाई आधी अंदाज करायला लावायच्या. उत्तर मोठा येनार का बारका, ते आधी सांगायचा, मग गणित."

"बाई करायच्या ते बाईंच्या तासाला," मी म्हणालो. आवाज जरा चढलाच. "या तासाला मी आहे. आपण थेट उत्तर काढायचं!" आणि त्याच तिरमिरीत फळ्याकडे वळून मी उत्तर ठोकून दिलं. वरचे दोन मिळवले, खालचे दोन मिळवले. दोन छेद पाच!

वर्ग चिडीचूप. मला वाटलं, थक्क झाली पोरं.

दुर्वा हळूच म्हणाली, "सर, अर्ध्यात मिळवला, तरी अर्ध्यापेक्षा कमी झाला?"

मी फळा बघितला. बी.एस्सी., गणित, डिस्टिंक्शन! डस्टर सापडेना, मी बाहीनंच पुसलं. म्हणालो, "शाब्बास! तुमचं लक्ष आहे का, ते बघत होतो." पोरं समजूतदार आहेत, कुणी हसलं नाही. स्वरा वहीत मान खाली घालून काहीतरी लिहीत होती. तिचा चेहरा मला शेवटपर्यंत दिसला नाही.

संध्याकाळी घरी आलो तो पडेल चेहऱ्यानं. स्वरा पडवीत बसून गृहपाठ करत होती. मीच दिलेला. माधवी आत भाकऱ्या थापत होती. बघतो तर स्वरा एका गणितापाशी अडलेली. पेन्सिल दातात, कपाळाला आठी.

माझ्या अंगात एकदम जीव आला. हीच ती वेळ! मी तिच्याजवळ सतरंजीवर बसलो. "काय अडलं? दे इकडे, मी सांगतो."

तिनं वही ओढून छातीशी धरली. "नको बाबा. तू नको. उद्या आमच्या सरांना विचारते."

आतला भाकरी थापायचा आवाज थांबला.

सरांचा हेवा करावा की बाबाची कीव, मला काही कळेना. शेवटी न राहवून विचारलं, "बरं, कसे शिकवतात तुमचे सर?"

स्वरानं थोडा विचार केला. अगदी इमानदारीनं केला.

"चांगले शिकवतात," ती म्हणाली. "फक्त बाईंचं नाव काढलं ना, की त्यांचं गणित चुकतं!"